नेटवर सापडलेल्या फोटोंच्या मर्यादित प्रती काढून छायाचित्रण संस्थेसाठी विकायच्या आहेत: हक्क, छपाई, कागद, हिशेब?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना कॅमेरा हाताळायला शिकवणं आणि पुरात भिजलेले घरगुती अल्बम सुकवून, स्कॅन करून ज्याचे त्याला परत देणं, ही दोन कामं. कॅमेरे आणि स्कॅनरच्या खर्चासाठी दिवाळीआधी पाच चित्रांचा संच काढायचा आहे. प्रत्येक चित्राच्या ५० प्रती, ए३ कागद, क्रमांक घालून. चित्रं आम्ही काढलेली नाहीत. सातारा-सांगलीचे कुणाकुणाच्या हातून निघालेले आणि नेटवर फिरत राहिलेले फोटो, हेच संचाचं सूत्र आहे.

निवडलेले पाच असे:

१. संगम माहुलीच्या देवळांचा १९व्या शतकातला फोटो, विकिमीडिया कॉमन्सवरून. ९०० × ६५० पिक्सेल.
२. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळा तासणारा कारागीर, फ्लिकरवरून. परवाना सीसी बाय-एनसी (क्रिएटिव्ह कॉमन्स: नाव द्यायचं, व्यापारी वापर नाही). ४६०८ × ३०७२.
३. ऑगस्ट २०१९ च्या पुरातला आयर्विन पूल. व्हॉट्सॲपवर आलेला, १६०० × १२००. कुणी काढला ते कळत नाही.
४. जुन्या स्टुडिओतला कौटुंबिक फोटो, मागे रंगवलेला पडदा. पिंटरेस्टवरून, ७३६ पिक्सेल रुंद.
५. साताऱ्यात पोवई नाक्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा. परवाना सीसी झिरो (मालकाने सगळे हक्क सोडलेले).

संस्था ना-नफा असल्यामुळे परवानगीत सूट मिळते का? ए३ ला एवढे पिक्सेल पुरतील की एआयने फोटो मोठे करून घ्यावेत? इथे लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर आहेत, त्यांच्याकडे द्यावं की इंकजेटवर काढावं? कागद, किंमत, पावत्या याबद्दलही सांगा.

---

हक्कनोंद

सूट मिळत नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये अपवादांची यादी आहे: खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. सत्कार्यासाठी केलेली विक्री त्या यादीत नाही. फोटोचे ठिपके केले, रंग बदलले म्हणजे नवं चित्र झालं, हा समजही सोडा. अमेरिकेत 'फेअर यूज'ची (विनापरवानगी रास्त वापराची) व्याप्ती आपल्यापेक्षा बरीच मोकळी, तरी तिथेही २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉरहॉल फाउंडेशन विरुद्ध गोल्डस्मिथ या खटल्यात (गोल्डस्मिथ यांच्या फोटोवरून अँडी वॉरहॉलने केलेल्या चित्राबद्दल) छायाचित्रकाराच्या बाजूने निकाल दिला. मूळ फोटो ज्या कामासाठी परवान्यावर दिला जातो त्याच कामासाठी त्यावरून केलेलं चित्र वापरलं, हा तिथला कळीचा मुद्दा होता.

आता तुमचे फोटो एकेक.

माहुली: घ्या. २०१२ च्या दुरुस्तीआधी भारतात फोटोचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालायचा आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून व्हायची. २१ जून २०१२ पासून तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाला. म्हणजे १९५१ च्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध झालेल्या फोटोंचा हक्क नवा नियम येण्याआधीच संपलेला होता. १९व्या शतकातला, त्या काळातच प्रसिद्ध झालेला फोटो यात आरामात बसतो. मात्र कॉमन्सच्या पानावर 'स्रोत' म्हणून जे लिहिलंय तिथपर्यंत स्वतः जाऊन तारीख पडताळा. वर्णन एका गावाचं आणि फोटो दुसऱ्याच घाटाचा, असं तिथे होतं. शिवाय मूळ संग्रहाकडे बरीच मोठी फाइल असू शकते. ती पैसे भरून मागवली तर त्यांच्या अटी करार म्हणून तुमच्यावर लागू होतात, तेव्हा सही करण्याआधी विक्रीची मुभा आहे का ते वाचा.

सतारमेकर: एनसी परवान्याची अट वापरणारा कोण यावर नाही, वापर कशासाठी यावर आहे. समजा १२०० रुपयांना प्रत विकली, की मोबदला आला. पैसे पुढे संस्थेला गेले तरी ती विक्रीच राहते. त्यामुळे फोटो काढणाऱ्याला लिहून वेगळी परवानगी घ्या. हे वाटतं तेवढं अवघड नाही, लोक बहुधा मजकूर मोघम असल्यामुळे उत्तर देत नाहीत. साधारण असं लिहा:

"आपल्या अमुक फोटोच्या ए३ कागदावर ५० क्रमांकित प्रती आणि ५ कलावंत-प्रती (क्रमांकाबाहेरच्या) काढून प्रत्येकी १२०० रुपयांना विकण्याची परवानगी हवी आहे. फोटो एकरंगी करू, कापणार नाही. आपलं नाव प्रतीच्या खाली आणि प्रमाणपत्रावर छापू. मोबदला विक्रीच्या १० टक्के आणि २ प्रती. परवानगी ही आवृत्ती संपेपर्यंत, जास्तीत जास्त ८ वर्षं, भारत आणि भारताबाहेरच्या विक्रीसाठी. ५१ वी प्रत निघणार नाही."

मुदत आणि प्रदेश मुद्दाम लिहायचे. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उत्तर लेखी हवं. इनबॉक्समध्ये 'हो चालेल' आलं तर त्यालाच ईमेलवर पूर्ण मजकूर पाठवून होकार घ्या.

आणि एक परवानगी उरतेच: फोटोतला माणूस. सतारमेकर गल्ली तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. फोटो घेऊन जा, त्या कारागिरांना भेटा, कागदावर संमती घ्या, एक प्रत त्यांना द्या. फ्लिकरवरच्या परवान्याने छायाचित्रकाराचा हक्क सुटतो, चेहऱ्याच्या मालकाचा नाही.

पूर: हा वगळा. आधी गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर शोधून बघा. टिनआयमध्ये 'सर्वांत जुना' आणि 'सर्वांत मोठा' असा क्रम लावता येतो, त्यावरून मूळ जागा सापडण्याची शक्यता असते. व्हॉट्सॲप फाइलमधली कॅमेऱ्याची आणि मालकाची नोंद काढून टाकतं, म्हणून फाइल उघडून काही हाती लागत नाही. मालक सापडेना अशा कामांसाठी कलम ३१अ आहे, पण त्यात इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात आणि रीतसर अर्ज आला. ५० प्रतींसाठी ते परवडत नाही.

स्टुडिओ फोटो: हाही वगळा. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो, स्टुडिओ नाही. म्हणजे परवानगी त्या कुटुंबाची हवी आणि कुटुंब कोणतं हेच माहीत नाही. भिजलेले अल्बम लोकांना परत देणाऱ्या संस्थेने परक्या घरातला फोटो विकू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे दुरुस्तीला अल्बम देणाऱ्या एखाद्या घराने आनंदाने संमती दिली तर त्यातला एक पडद्याचा फोटो जरूर घ्या. तो नेटवर सापडलेला नसेल, पण संचात शोभेल.

ज्या दिवशी फाइल उतरवाल त्या दिवशीचं परवान्याचं पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) जतन करा आणि पीडीएफही ठेवा. सीसी परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, पण मालकाने पान बदललं तर तो दिला होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

---

अजिंक्यतारा_पायथा

पाचव्या चित्राबद्दल. सीसी झिरो आहे म्हणून तो मोकळा समजू नका. १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा एक केंद्रीय कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. व्यापारासाठी ती वापरायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. कॅलेंडरपुरता मर्यादित अपवाद आहे, तोही जाहिरात नसेल तर. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला कॉपीराइट कायदा आडवा येत नाही हे खरं, पण हा अडसर वेगळ्या कायद्याचा आहे. साताऱ्याचंच काही हवं असेल तर चार भिंती, कासची फुलं, लिंबची बारा मोटांची विहीर यांचे सीसी बाय किंवा सीसी झिरो फोटो कॉमन्सवर शोधा.

---

रबर_शाई

छपाईबद्दल. ए३ ला ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) म्हणजे ३५०८ × ४९६१ पिक्सेल हा हिशेब सगळेच सांगतात, पण तो इंकजेटचा आहे. स्क्रीन प्रिंटिंगला तो लागू नाही, आणि नेटवरच्या लहान फाइलींसाठी तीच मोठी सोय आहे.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ताणलेल्या जाळीवर उजेडाने घट्ट होणारा लेप (इमल्शन) लावतात, त्यावर चित्राची फिल्म ठेवून उजेड देतात (एक्स्पोज करतात), चित्राच्या जागेचा मऊ राहिलेला लेप धुऊन काढतात आणि तिथून रबराने शाई कागदावर ओढतात. फोटो असा छापायचा तर त्याचे लहानमोठे ठिपके करावे लागतात, तीच हाफटोन छपाई. इंचाला ठिपक्यांच्या ५० ओळी धरल्या तर फाइल त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० पीपीआय असली की पुरते. त्याहून जास्त माहिती ठिपक्यात मावतच नाही. म्हणजे १६०० पिक्सेलची फाइल १६ इंचांपर्यंत जाते आणि ए३ ची लांब बाजू साडेसोळा इंच आहे. माहुलीचे ९०० पिक्सेल ९ इंच देतात. ९ × साडेसहा इंचांचं चित्र ए३ वर भरपूर कोरी जागा सोडून बसवा, जुन्या फोटोला ते चांगलं दिसतं. एआयने मोठं करून १६ इंच करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एआय देवळाच्या शिखरावर नसलेली नक्षी घालतं, चेहरे गुळगुळीत करतं, आणि पाटीवरची देवनागरी अक्षरं तर ओळखू येणार नाहीत इतकी मोडून टाकतं. जुन्या फोटोत जे होतं तेच छापायचं असेल तर हे चालणार नाही.

काम असं करायचं. जेपीजी उघडून आधी १६ बिट टिफ करा. जास्त दाबलेल्या जेपीजीत ८ × ८ पिक्सेलचे चौकोन दिसतात, विशेषतः आकाशात. तिथे हलका ब्लर द्या आणि वरून थोडी ग्रेन घाला, नाहीतर ठिपके पाडल्यावर ते चौकोन आणखी उठतात. ग्रेस्केल करा. मग कर्व्ह (उजळ-गडद बदलायचं साधन) घेऊन सगळ्यांत उजळ भाग १० टक्क्यांवर आणि गडद भाग ८५ टक्क्यांवर आणा (टक्के म्हणजे शाईने झाकलेली जागा). कारण ५ टक्क्यांखालचा ठिपका जाळीत नीट उघडतच नाही, आणि ८५ च्या वर ठिपक्यांमधली जागा शाईने भरते. कागदावर ठिपका पसरतो तेही धरा: ५० टक्के दिलेला भाग छापून ६५-७० दिसतो. म्हणून मधला भाग ४० च्या आसपास आणून ठेवा. पडद्यावर फोटो फिका, धुतल्यासारखा वाटेल. वाटू द्या.

यानंतर बिटमॅप, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र. ठिपका गोल किंवा लंबगोल, ५० ओळी, कोन २२.५ अंश. आउटपुट ६०० डीपीआय ठेवलं तरी एका ठिपक्याला १२ × १२ चौकटी मिळतात, म्हणजे १४४ छटा. एका रंगाला पुष्कळ झाल्या. हे लेझर प्रिंटरवरही निघतं. फक्त प्रिंटरवाल्याला 'फिट टू पेज' करू देऊ नका, एकास एक हवं. त्या एका टिकमुळे अख्ख्या ठिपक्यांवर लाटा येतात.

जाळी सेंटिमीटरला १२० धाग्यांची घ्या. लग्नपत्रिकावाल्यांकडे अक्षरांसाठी ७७ ची वगैरे असते, तीवर ५० ओळींचा ठिपका धाग्यांशी भांडतो आणि मोअरे म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची जाळी दिसते. १२० वरही मोअरे आला तर फिल्म काचेवर ठेवून जाळीखाली हळूहळू फिरवा, ४-५ अंशांत पट्ट्या नाहीशा होण्याची जागा सापडते. तिथेच चिकटवा. मूळ फोटो जुन्या पुस्तकातून किंवा वर्तमानपत्रातून स्कॅन केलेला असेल तर त्यात आधीचेच ठिपके असतात. ते ब्लरने मोडून एकसंध करूनच नवे ठिपके पाडायचे.

बटर पेपरवर काढलेली पॉझिटिव्ह (जाळीवर ठेवायची चित्राची प्रत) अक्षरांना चालते, फोटोला नाही. उष्णतेने तो आक्रसतो आणि टोनर पुरेसा काळा येत नाही, मग ठिपक्यातूनच उजेड जातो. लेझर फिल्मच्या दोन प्रती काढून एकावर एक नेमक्या जुळवून टेप लावा, किंवा इंकजेट फिल्म वापरा.

दिवाळीआधीचा माल म्हणजे कामं ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि आपल्याकडे तेव्हा हवेत ओल असते. इमल्शन वरून कोरडं लागतं पण आत ओलसर राहतं. ते एक्स्पोज केलं तर गडद भागातल्या ठिपक्यांमधले लेपाचे बारीक कण धुताना सुटतात आणि लोक एक्स्पोजरला दोष देतात. अंधाऱ्या बंद खोलीत पंखा आणि हीटर किंवा एसी लावून रात्रभर वाळवा. दिवा बदलला, इमल्शनचा डबा बदलला की पट्ट्यांची चाचणी पुन्हा: १, २, ३, ४ मिनिटं, आणि १० टक्क्यांचा ठिपका उघडेल आणि ८५ च्या भागात ठिपक्यांमधला लेप टिकेल ती वेळ घ्या.

छापताना जाळी आणि कागद यांत २-३ मिमी अंतर, शाई ओढायचं रबर ७०-७५ शोअर (कडकपणाचं माप) आणि धार ताजी. पाण्याच्या शाईत ५ ते १० टक्के रिटार्डर (शाई उशिरा सुकवणारं द्रव) घाला, आणि प्रत्येक ओढीनंतर शाई परत जाळीवर पसरून ठेवा. थांबलात की ठिपके बंद होतात, चहा ५० प्रती झाल्यावर. फ्लोरोसंट शाई टाळा, भिंतीवर ती लवकर उडते. कागद ६५ तरी कापा: ५० क्रमांकित, ५ कलावंत-प्रती, १० बिघाडाच्या. पहिल्या ५-६ बिघाडात जातातच, तोवर शाई आणि दाब बसत नाहीत.

---

कृष्णाकाठ_सांगली

खूप आभार. पोवई नाका आणि स्टुडिओ फोटो काढून टाकले. बारा मोटांच्या विहिरीचा एक सीसी बाय-एसए (नाव द्यायचं आणि बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यायचं) फोटो सापडलाय, ४००० पिक्सेलचा. पण पुराचं चित्र संचात असावं अशी फार इच्छा आहे, अल्बम दुरुस्तीचं काम त्यातूनच आलं. काही मार्ग आहे का? आणि बाय-एसए असेल तर 'मर्यादित प्रती' म्हणता येतं का?

---

हक्कनोंद

येतं, पण काय मर्यादित आहे ते नीट लिहा. तुम्ही ठिपके पाडून केलेलं रूपांतरही बाय-एसए खालीच द्यावं लागेल. म्हणजे कुणीही त्याची प्रतिमा पुन्हा छापू शकतो. मर्यादा आहे ती तुमच्या हातच्या, क्रमांक घातलेल्या ५० कागदांची. प्रमाणपत्रावर 'नक्कल करण्यास मनाई' हे नेहमीचं वाक्य छापू नका, परवाना जादा बंधनं घालू देत नाही. छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि आवृत्ती, मूळ पानाचा पत्ता आणि 'एकरंगी हाफटोन केला' हा बदल, एवढं मागे छापलं की झालं.

---

आकाशातून_कृष्णा

पुरासाठी उपग्रहाचं चित्र घ्या. युरोपच्या कोपर्निकस योजनेतल्या सेंटिनेल-१ ची चित्रं मोफत आहेत आणि ती विकायलाही मुभा आहे, फक्त 'कोपर्निकस सेंटिनेलच्या २०१९ च्या माहितीत बदल करून' अशी ओळ द्यावी लागते.

सेंटिनेल-१ च का, तर ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा वर ढग होते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगच दिसतात. सेंटिनेल-१ रडार वापरतो, ते ढगातून जातं. शांत पाणी रडारची लहर आरशासारखी दुसरीकडे फेकतं, म्हणून पाणी काळं उमटतं, घरं आणि पूल पांढरे. मुळात कृष्णधवल चित्र आहे, हाफटोनला अगदी योग्य.

कोपर्निकस ब्राउझरवर मोफत खातं उघडा, सेंटिनेल-१, आयडब्ल्यू (रुंद पट्ट्याचं चित्रण), व्हीव्ही (रडार लहरीची दिशा) निवडा आणि ऑगस्ट २०१९ च्या तारखा एकेक बघा. एक उपग्रह त्याच वाटेवर १२ दिवसांनी येतो, त्यामुळे नेमका सर्वाधिक पाण्याचा दिवस मिळेलच असं नाही. जो दिवस मिळेल तोच प्रतीवर छापा. मे २०१९ चंही एक चित्र घ्या, नदीचं मूळ पात्र कुठे होतं ते त्याशिवाय कळत नाही.

एक पिक्सेल १० मीटरचा. रबर_शाई यांच्या हिशेबाने १४ × १० इंचांच्या चित्राला १४०० × १००० पिक्सेल लागतात, म्हणजे जमिनीवर १४ × १० किलोमीटर. त्यात हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, सांगली आणि मिरज तिन्ही बसतात. मोठं करायची गरजच नाही. रडारच्या चित्रावर मिठासारखे कण दिसतात, त्यावर ३ × ३ चा मीडियन फिल्टर (सुटे कण पुसणारं साधन) एकदाच चालवा. दोनदा चालवला तर नदीचा काठ मऊ पडतो. एक सावधानता: वाऱ्याने लाटा उठलेलं पाणी काळं न दिसता करडं दिसतं, आणि उभ्या उसात शिरलेलं पाणीही काळं दिसेलच असं नाही. तेव्हा चित्राला 'पुराचा नकाशा' म्हणू नका, 'रडारने दिसलेली सांगली' असं काहीतरी म्हणा. नाहीतर एखाद्याच्या घराशी पाणी आलं होतं की नाही यावर वाद होईल.

---

सुती_कागद

सतारमेकरचा फोटो मात्र इंकजेटवर काढा. ४६०८ पिक्सेल १४ इंचांवर म्हणजे ३२९ पीपीआय, आणि भोपळ्याच्या सालीचा पोत, हाताच्या रेषा ठिपक्यांत हरवतील. परवानगीच्या मजकुरात एकरंगी लिहिलंय, ते आधी ठरवून बदला. रंगीतच ठेवा. १४ × ९.३ इंचांचं चित्र ठेवलं की चारही बाजूंना सव्वा इंचाच्या आसपास कोरी कड राहते, सहीला आणि फ्रेमवाल्याला तेवढी लागते.

छापणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: शाई पिगमेंटची (रंगकणांची, टिकाऊ) की डायची (विरघळलेल्या रंगाची, लवकर उडणारी)? डायची असेल तर दुसरीकडे जा. कागद १०० टक्के सुती, आम्लमुक्त, ३०० जीएसएमच्या आसपास, आणि ऑप्टिकल ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन) नसलेला. ब्राइटनर आहे का ते तपासायला नोटा तपासायचा निळा दिवा पुरतो: कागद झगझगीत निळा चमकला तर ब्राइटनर आहे. तसा कागद काही वर्षांत पिवळसर पडतो आणि रंगांचा तोल जातो. छापणाऱ्याकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवायची फाइल) मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल ते स्क्रीनवरच बघा, आणि बघताना स्क्रीनचा उजेड कमी करा. मोबाइलच्या पूर्ण उजेडात ठरवलेली प्रत मॅट कागदावर हमखास काळवंडलेली येते. पूर्ण ५० काढण्याआधी ए५ ची चाचणी-प्रत काढून दुपारच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

स्क्रीनसाठीही सुतीच, पण गुळगुळीत दाबलेला. हातकागद दिसायला देखणा असतो, पण त्याच्या खडबडीत पोतावर ५० ओळींचे ठिपके तुटतात. तो हवाच असेल तर ओळी ३० वर आणा. दोन्ही पद्धतींत कागद छापायच्या खोलीत एक दिवस उघडा ठेवा. पावसाळी हवेत पाकिटातून काढून लगेच छापला तर कडा वळतात आणि रजिस्ट्रेशन (कागदावर चित्राची नेमकी जागा) सरकतं. इंकजेटच्या प्रती २४ तास उघड्यावर सुकू द्या. लगेच काचेत घातल्या तर शाईतलं द्रव काचेवर धुक्यासारखं बसतं.

क्रमांक पेन्सिलीने, चित्राखाली: डावीकडे १/५०, मध्ये नाव, उजवीकडे सही. सही कुणाची हा प्रश्न सापडलेल्या फोटोंत येतोच. फोटो तुम्ही काढलेला नाही, म्हणून सही छापणाऱ्याची किंवा संच निवडणाऱ्याची आणि तसं लिहून. छायाचित्रकाराचं नाव छापील. सतारमेकरच्या फोटोवर मूळ छायाचित्रकार सही करायला तयार झाला तर उत्तमच. कलावंत-प्रती ५ पेक्षा जास्त नकोत, त्यावर वेगळी खूण. नंतर ए५ पोस्टकार्ड काढायचा विचार असेल तर तो आजच जाहीर करा. ५० म्हणून विकल्यावर वेगळ्या आकारात पुन्हा काढणं हा घेणाऱ्याचा विश्वासघात आहे.

पाठवताना प्रतीवर ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, बाहेरून प्लास्टिक. प्लास्टिक थेट प्रतीला लागू देऊ नका, आत दमट हवा अडकली की बुरशी येते. नळी ४ इंच व्यासाची. २ इंची नळीत ३०० जीएसएमचा कागद मोडतो आणि सरळ होत नाही. जवळच्या गावांना सपाटच द्या, दोन पुठ्ठ्यांत.

---

हिशेब_विटा

पैशांचं थोडक्यात. एका चित्राचा सगळा खर्च समजा १३,००० (कागद, फिल्म, शाई, मजुरी, बिघाड धरून), किंमत १२००, छायाचित्रकाराला १० टक्के. प्रतीमागे १०८० हातात. १३ व्या प्रतीला खर्च निघतो. सगळ्या ५० गेल्या तर ४१,००० उरतात, २५ च गेल्या तर १४,०००. म्हणून 'सर्व उत्पन्न संस्थेला' असं मोघम लिहू नका, कारण उत्पन्न आणि नफा यांत वाचणारा गोंधळतो. 'प्रत्येक प्रतीमागे ५०० रुपये शाळांच्या कॅमेऱ्यांसाठी' असं लिहा. २३ प्रती विकल्या गेल्या की हा शब्द खरा होतो. पोस्टेज वेगळं घ्या.

प्रतीच्या किमतीवर आयकर-सवलतीची (८०जी म्हणून ओळखली जाते ती) पावती देता येत नाही. वस्तू दिली म्हणजे विक्री झाली, देणगी नव्हे. कुणी १२०० वर जादा ३००० दिले तर त्या ३००० ची देणगी-पावती वेगळी द्या, आणि रोख २००० च्या वर घेऊ नका, देणाऱ्याला सवलत मिळत नाही. विक्रीची वही देणग्यांपासून वेगळी ठेवा आणि संस्थेच्या उद्देशांत अशी विक्री बसते का ते विश्वस्तांच्या ठरावात नोंदवा. राज्यातली विक्री ४० लाखांच्या आत असेल तर मालासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. पण बेंगळुरूला किंवा गोव्याला एक जरी प्रत पाठवायची असेल तर आधी सीएला विचारा, परराज्यातल्या विक्रीला ही मर्यादा कामाला येत नाही.

---

रबर_शाई

एक राहिलं. लग्नपत्रिकावाल्यांकडे इमल्शनमध्ये घालायला नारिंगी पाणी असतं, ते डायक्रोमेट. त्वचेला आणि श्वासाला घातक, कॅन्सरकारक. शाळेतली मुलं बघायला आणणार असाल तर डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शनच मागा, आणि डायक्रोमेटने धुतलेलं पाणी गटारीत सोडू देऊ नका. ती गटार पुढे कृष्णेलाच मिळते.

५० झाल्या की जाळीवरचं चित्र धुऊन काढा आणि फिल्मवर काट मारून नोंदवहीत चिकटवा.